‘रोजाक’ या रूपकाची चिकित्सा : मलेशियातील रस्त्यावरचे अन्न आणि नगरभाषा

१

अनेक वंशांचे व अनेक भाषांचे लोक ज्या समाजात एकत्र नांदतात, त्याचे वर्णन करावयाची वेळ आली म्हणजे लेखकांना बहुधा स्वयंपाकघराची आठवण होते. आपल्याकडे असा लेखक ‘खिचडी’कडे किंवा ‘भेळी’कडे वळतो, मलेशियात तो ‘रोजाक’कडे वळतो. रोजाक हा तेथील रस्त्यावर मिळणारा एक पदार्थ होय. काकडी, अननस, कच्चा आंबा व एक रसाळ पांढरा कंद यांच्या फोडी घेऊन त्यांना कोळंबीचा आंबवलेला खार, साखर, चिंच व मिरची यांची दाट काळी चटणी माखावयाची आणि वर शेंगदाण्याचा कूट भुरभुरावयाचा, असा त्याचा साधा प्रकार आहे. तमिळ मुसलमान विक्रेत्यांचा रोजाक याहून निराळा. त्यात पिठाची भजी, टोफू व उकडलेले अंडे येते, आणि चटणी गोडसर व घट्ट असते. पिनांगमध्ये या प्रकाराला ‘पसेंबुर’ हे स्वतंत्र नाव आहे. मलय भाषेत ‘रोजाक’ या शब्दाला ‘मिश्रण’ असा व्यापक अर्थही प्राप्त झालेला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पदार्थ नव्हे. त्याच्या नावाचे जे रूपक झाले आहे, त्याची चिकित्सा करणे हा येथील हेतू आहे. मलेशियातील नगरजीवनाविषयी जे लिहिले जाते त्यात हे रूपक इतके रुळलेले आहे की ते रूपक आहे याचाच विसर पडावा. विसर पडलेले रूपक हे सिद्धान्ताचे काम करू लागते, आणि सिद्धान्त म्हणून त्याची परीक्षा मात्र कोणी करीत नाही. ती परीक्षा रस्त्यावरच्या दुकानातील प्रत्यक्ष बोलण्याच्या आधारे करून पाहावी, असा येथे प्रयत्न आहे.

२

या रूपकाचे दोन परस्परविरोधी उपयोग होतात, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. एका उपयोगात ते स्तुतिपर आहे. मलय, चिनी, भारतीय व इतर लोक एका ताटात नांदतात, प्रत्येकाची चव निराळी राहते आणि तरीही पदार्थ एकच, असे त्यात सुचवावयाचे असते. १३ मे १९६९ रोजी कुआलालुंपूरमध्ये उसळलेल्या वांशिक दंगलीची आठवण ज्या देशाच्या सार्वजनिक जीवनात अद्याप जागी आहे, त्या देशाला अशा चित्राची गरज वाटावी हे समजण्यासारखे आहे. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियातील न्याहारीच्या संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. नासी लेमाक, रोती चनाई व तेह तारिक हे तिचे मुख्य घटक म्हणून पुढे करण्यात आले, आणि बहुवांशिक समाजातील सहभोजन हा त्या नोंदीचा गाभा होता. स्तुतिपर रूपकाचा हा अलीकडचा व अधिकृत आविष्कार म्हणता येईल.

दुसऱ्या उपयोगात हेच रूपक निंदाव्यंजक होते. ‘बहासा रोजाक’ म्हणजे भेसळीची भाषा. मलय वाक्यात इंग्रजी, चिनी बोलीतले वा तमिळ शब्द घालून जे शहरी बोलणे तयार होते, त्याला हे नाव तुच्छतेने दिले जाते. मलय ही राज्यघटनेच्या १५२ व्या कलमान्वये राष्ट्रभाषा. तिच्या संवर्धनासाठी ‘देवान बहासा दान पुस्ताका’ ही संस्था स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्येच, स्थापन झालेली. तेव्हा भाषाशुद्धीची चिंता तेथे जुनी आहे. २००६ साली तत्कालीन सांस्कृतिक मंत्र्यांनी राष्ट्रभाषेचा चुकीचा वापर करणाऱ्यांना एक हजार रिंगिटपर्यंत दंड करण्याची कल्पना मांडली होती. म्हणजे ताटातला रोजाक हा राष्ट्राचा अभिमान आणि तोंडातला रोजाक हा दंडास पात्र अपराध, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

स्तुती करणारा आणि निंदा करणारा यांच्यात मतभेद आहे असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः दोघांचे एका महत्त्वाच्या गोष्टीवर एकमत आहे : मिश्रणाला आतून कोणतीही व्यवस्था नसते, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला ती अव्यवस्था आनंददायक वाटते, दुसऱ्याला भयावह. हे गृहीतच तपासावयास हवे.

३

मलेशियातील शहरात चहाकॉफी मिळण्याची दोन परिचित ठिकाणे आहेत. एक चिनी चालकांचे ‘कोपितियाम’ व दुसरे तमिळ मुसलमानांचे ‘मामाक’ दुकान, जे पुष्कळदा रात्रभर उघडे असते. दोन्हीकडे गिऱ्हाईक आपली मागणी तोंडी सांगते व वाढणारा ती मोठ्याने आत कळवितो. ही मागणी म्हणजे अवघ्या तीनचार शब्दांची संहिता. परंतु भाषेच्या अभ्यासकाला तिच्यात पुष्कळ पाहण्यासारखे आहे.

नुसते ‘तेह’ म्हटले तर दुधाचा गोड चहा येतो. दूध म्हणजे डब्यातले आटवलेले गोड दूध. ‘तेह ओ’ म्हटले तर दूध वगळले जाते, साखर राहते. ‘तेह सी’ म्हटले तर गोड आटवलेल्या दुधाऐवजी साखरविरहित आटीव दूध पडते, व साखर निराळी घातली जाते. ‘तेह ओ कोसोंग’ म्हटले तर दूधही नाही व साखरही नाही. त्यापुढे ‘पेंग’ जोडले तर बर्फ येतो. मामाक दुकानात ‘पेंग’च्या जागी बहुधा ‘आइस’ हा इंग्रजीवरून आलेला शब्द ऐकू येतो. साखर कमी हवी असल्यास ‘कुरांग मानिस’ म्हणावयाचे. ‘कोपी’ शब्दाबाबतही हीच सर्व रूपे सिद्ध होतात.

येथे वर्णनात्मक भाषाविज्ञानातील एक मूलभूत कल्पना जणू पाठ्यपुस्तकासाठी मांडून ठेवल्यासारखी दिसते. नुसता ‘तेह’ हे अचिन्हित रूप आहे. दूध, गोडी व उष्णता हे त्याचे न बोललेले गुण आहेत. जो गुण बदलावयाचा, तेवढाच शब्दाने दर्शवावयाचा. दर्शक शब्दांना ठरीव जागा आहेत : प्रथम पेय, मग दुधाची जागा, मग साखरेची, मग तपमानाची. आपल्या ‘चहा’चेही असेच आहे. मराठीत नुसता ‘चहा’ दुधासाखरेचा असतो, व दूध नको असल्यास आपण ‘कोरा’ म्हणतो. ‘कोसोंग’ या मलय शब्दाचा मूळ अर्थ ‘रिकामा’ असाच आहे, आणि संख्यावाचनात तो ‘शून्य’ या अर्थी येतो. मात्र आपला ‘कोरा’ दूध काढून घेतो आणि त्यांचा ‘कोसोंग’ साखर. रिकामेपणाची कल्पना एकच असूनही ती कोणत्या जागी लावावयाची हे प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे ठरविते. ‘रोती कोसोंग’ म्हणजे अंडे, कांदा वगैरे काही न घातलेली साधी रोती. म्हणजे मलयमध्येही त्या शब्दाचा अर्थ त्याच्या जागेवरून निश्चित होतो.

आता या शब्दांची कुळे पाहू. ‘तेह’ हा होक्केन बोलीतील ‘ते’ या शब्दावरून आला. आपला ‘चहा’ त्याच वनस्पतीच्या दुसऱ्या चिनी उच्चारावरून, निराळ्या वाटेने, आपल्यापर्यंत पोचला. ‘ओ’ हा काळा या अर्थाचा होक्केन शब्द. ‘कोसोंग’ मलय. ‘पेंग’ पुन्हा चिनी. ‘सी’विषयी दोन मते आहेत : कोणी तो हैनानी बोलीतील ‘ताजे’ या अर्थाचा शब्द मानतात, तर कोणी डब्यातील दुधाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर. ‘तेह ओ कोसोंग पेंग’ या चार शब्दांत म्हणून दोन भाषाकुळांची सरमिसळ आहे, आणि शुद्धतावादी याकडेच बोट दाखवील.

परंतु शब्दांची कुळे मोजून भाषेचे कूळ ठरत नाही. चिनी बोलींत विशेषण नामाच्या आधी येते. काळी कॉफी म्हणावयाची तर ‘काळी’ हा शब्द आधी यावा, हा त्यांचा नियम. मलयमध्ये नाम आधी व विशेषण नंतर : ‘नासी गोरेंग’ म्हणजे ‘भात तळलेला’, ‘तेह तारिक’ म्हणजे ‘चहा ओढलेला’. ‘कोपी ओ’ मध्ये विशेषण चिनी आहे, पण ते नामानंतर येते. ‘पेंग’ हा शब्दही शेवटी येतो. म्हणजे चिनी शब्द येथे मलय व्याकरणाची शिस्त पाळीत आहेत. आणि कोपितियाममधला चिनी मालक चिनी बोलीत बोलत असतानाही हाच क्रम राखतो. शब्दसंग्रह बहुकुळी, पण रचना मलय. ज्या भाषेच्या रक्षणासाठी दंडाची भाषा बोलली गेली, त्याच भाषेचा सांगाडा या ‘भेसळी’ला उभे ठेवीत आहे.

याच निकषाची दुसरी बाजूही पाहावयास हवी, कारण एकाच बाजूचा पुरावा देणे हे समीक्षेचे लक्षण नव्हे. ‘कोपितियाम’ या शब्दात ‘कोपी’ मलय व ‘तियाम’, म्हणजे दुकान, होक्केन. येथे मुख्य नाम शेवटी आहे, म्हणजे क्रम चिनी आहे. मलयमध्ये याच अर्थी ‘केदाई कोपी’ म्हणतात. त्यात क्रम मलय, आणि गंमत अशी की ‘केदाई’ हा शब्द मात्र तमिळ ‘कडै’वरून आलेला. दुकानाचे नाव त्याच्या मालकाच्या व्याकरणाने चालते, मागणी गिऱ्हाइकांच्या सामायिक व्याकरणाने चालते, असे यावरून म्हणता येते.

पदार्थांच्या नावांत हाच भेद अधिक स्पष्ट होतो. तांदळाच्या चपट्या पट्ट्या मोठ्या आचेवर परतून केलेला जो प्रसिद्ध पदार्थ, त्याला चिनी विक्रेत्याच्या ठेल्यावर ‘चार क्वे त्याव’ म्हणतात. त्यात ‘परतणे’ हे क्रियापद आधी येते. मलय वा मामाक ठेल्यावर त्याच पट्ट्यांचा पदार्थ ‘क्वे त्याव गोरेंग’ या नावाने मिळतो. तेथे नाम आधी व ‘गोरेंग’ नंतर. शब्दक्रम उलटला की चूलही बदलली. पहिल्या ठेल्यावर डुकराची चरबी असू शकते, दुसऱ्या ठेल्यावर ती असणार नाही, हे खाणाऱ्याला क्रमावरूनच कळते. एवढी नेमकी सूचना देणाऱ्या व्यवस्थेला ‘रोजाक’ म्हणणे म्हणजे तिच्याकडे न पाहणे होय.

४

शब्दक्रमाकडून शब्दांच्या उगमाकडे वळताना अभ्यासकाने फार जपावे लागते. रस्त्यावरच्या अन्नाविषयी लिहिणारे बहुसंख्य लेखक व्युत्पत्तीचा उपयोग मालकीहक्काचा दस्तऐवज म्हणून करतात. नाव कोणाचे, तर पदार्थ त्याचा, अशी ही विचारसरणी. तिची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले ‘रोती चनाई’. पातळ ओढून घड्या घातलेली व तव्यावर तुपात भाजलेली ही रोती दक्षिण भारतातील परोट्याची जवळची नातलग आहे. शेजारच्या सिंगापुरात तिला ‘रोती प्राता’ म्हणतात व तेथे हे नाते नावातच उघड होते. ‘चनाई’ म्हणजे चेन्नई, असे पुष्कळ लोक सांगतात. मद्रासचे नाव अधिकृतपणे १९९६ मध्ये बदलले, म्हणून ही व्युत्पत्ती अशक्य, असे काही टीकाकार म्हणतात. पण तमिळ बोलण्यात ‘चेन्नै’ हे नाव त्यापूर्वीपासूनच होते, तेव्हा हा आक्षेप निर्णायक नाही. दुसरीकडे, मलयमध्ये ‘चनाई’ या धातूचा अर्थ घासणे, धार लावणे व पीठ लाटून पातळ करणे असा आहे. हा शब्द तमिळ ‘चाणै’ या सहाणवाचक शब्दाशी जोडला जातो, व त्याच्या मुळाशी संस्कृत ‘शाण’ मानतात. आपली गंध उगाळण्याची ‘सहाण’ याच घराण्यातली. तेव्हा शहराचे नाव सोडले तरी भारताशी संबंध सुटत नाही, आणि तो धरला तरी मलय क्रियापद खोटे ठरत नाही. दोन्ही पक्षांना हवा असलेला एकमेव मालक व्युत्पत्ती देत नाही.

दुसरे ‘लाक्सा’. काहींच्या मते हा शब्द फारसीतील शेवयावाचक शब्दापासून आला, काहींच्या मते संस्कृत ‘लक्ष’ म्हणजे असंख्य सूत्रे यापासून. चिनी बोलींतूनही त्याची फोड केली जाते. वाद चालू असताना पदार्थाने मात्र आपली वाट केव्हाच धरलेली आहे : पिनांगचा ‘असाम लाक्सा’ बांगड्याच्या जातीच्या माशाचा, चिंचेचा आंबट व नारळाविना, कुआलालुंपूरचा ‘करी लाक्सा’ नारळाच्या दुधाचा. एका नावाखाली दोन पूर्ण भिन्न रसव्यवस्था आहेत, व नावाच्या उगमाने यांतील एकीचाही उलगडा होत नाही. ‘होक्केन मी’ची गोष्ट अशीच. पिनांगमध्ये त्या नावाने कोळंबीच्या रश्श्यातल्या शेवया मिळतात, कुआलालुंपूरमध्ये काळ्या सोयारसात परतलेल्या जाड शेवया. नाव हे वस्तूचे नव्हे, एका नगरीच्या वहिवाटीचे चिन्ह आहे.

तिसरे ‘बाक कुत तेह’. शब्दशः ‘मांस हाड चहा’. या डुकराच्या हाडांच्या औषधी रश्श्यात चहाची पाने नसतात. चहा सोबत प्यायला जातो. ‘तेह’ हा मूळ विक्रेत्याच्या नावाचा भाग होता अशीही एक आख्यायिका क्लांग परिसरात सांगतात. लौकिक व्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण आहे : नाव न उलगडले की समाज त्याला एक पूर्वज देतो.

ध्वनिसाम्याने फसू नये यासाठी मराठी वाचकाला एक घरचे उदाहरण देता येईल. मलेशियात वाफवलेल्या, सारण भरलेल्या गोल पिठाच्या पदार्थाला ‘पाउ’ म्हणतात. तो ऐकताच आपल्याला ‘पाव’ आठवतो. पण आपला ‘पाव’ पोर्तुगीज, तर त्यांचा ‘पाउ’ चिनी. दोघांचा काही संबंध नाही. उलट ज्यांचे साम्य डोळ्यांत भरत नाही असे शब्द सख्खे निघतात. मलय ‘गुला’ म्हणजे साखर व आपला ‘गूळ’ ही संस्कृत ‘गुड’ची लेकरे, रमजानच्या उपवासाला मलयमध्ये ‘पुआसा’ म्हणतात व तो ‘उपवास’च होय, चवीला ते ‘रासा’ म्हणतात, आणि ‘बहासा रोजाक’मधील ‘बहासा’ तर आपली ‘भाषा’च. शुद्ध भाषेची मागणी करताना जो शब्द वापरावा लागतो तोच उसना आहे, ही गोष्ट शुद्धतावाद्याला टोमणा म्हणून सांगावयाची नाही. पुरेसा काळ लोटला म्हणजे ऋण हे ऋण राहत नाही, एवढाच तिचा अर्थ. मग ‘पेंग’ला हाच न्याय का नाकारावा, याचे उत्तर भाषाशास्त्रात सापडत नाही, ते राजकारणात शोधावे लागते.

५

अन्नाच्या दुकानातील संबोधने हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे त्याचा फक्त निर्देश करतो. ‘मामाक’ हे दुकानाचे नाव तमिळ ‘मामा’वरून आले असे मानतात. सुमात्रातील व नेगेरी सेंबिलान राज्यातील मिनांगकाबाउ लोकांच्या भाषेतही ‘मामाक’ म्हणजे आईचा भाऊच. गिऱ्हाईक वाढणाऱ्याला ‘आणे’ म्हणून हाक मारते, म्हणजे तमिळमधला ‘अण्णा’. मलय विक्रेत्याला ‘आबांग’, विक्रेतीला ‘काक’ किंवा ‘मकचिक’, म्हणजे दादा, ताई, मावशी. चिनी ठेल्यावर इंग्रजी ‘अंकल’ व ‘आंटी’. आपल्याकडे टपरीवर ‘मामा’ व ‘मावशी’ चालतात त्याच जातीची ही वहिवाट. मात्र तेथे नात्याचा शब्द कोणत्या भाषेतून घ्यावयाचा हे समोरच्या माणसाकडे पाहून ठरते. म्हणून हे आप्तसंबोधन जवळीक दाखविते आणि त्याच क्षणी वंशाची नोंदही घेते. ‘रोजाक’ या रूपकाला ही दुहेरी क्रिया दिसत नाही, कारण त्याला फक्त मिसळणे ठाऊक आहे, ओळखून मिसळणे ठाऊक नाही.

६

आता शासकीय संहितेकडे वळू. २००९ साली राष्ट्रीय वारसा विभागाने शंभर पदार्थ वारसा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी तत्कालीन पर्यटनमंत्र्यांनी, आपले पदार्थ इतर देश पळवीत आहेत, अशा आशयाचे वक्तव्य करून मोठा वाद ओढवून घेतला. २०२० मध्ये सिंगापूरच्या फेरीवाला संस्कृतीला युनेस्कोची मान्यता मिळाली तेव्हा मलेशियात असंतोष उमटला. २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय वारसा म्हणून अधिसूचित केलेल्या पदार्थांत ‘बाक कुत तेह’चा समावेश झाला, व मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात डुकराच्या मांसाचा पदार्थ राष्ट्राचा वारसा कसा, असा वाद पेटला.

याद्यांना आमचा तत्त्वतः विरोध नाही. नोंद न केलेल्या गोष्टी नाहीशा होतात, हे बोलींच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको. परंतु यादी ही नामांची असते. रस्त्यावरचे अन्न हा व्यवहार क्रियापदांचा आहे : ‘तारिक’ म्हणजे ओढणे, ‘गोरेंग’ म्हणजे तळणे, ‘बुंगकुस’ म्हणजे गुंडाळणे, ‘इकात तेपी’ म्हणजे घरी न्यावयाच्या चहाची पिशवी एका कडेला बांधणे, जेणेकरून दुसऱ्या कडेने नळी घालता येईल. ‘कंदार’ हाही मुळात क्रियेचा शब्द. ‘नासी कंदार’ म्हणजे कावडीने वाहून आणलेला भात. खांद्यावरच्या दांडीच्या एका टोकाला भात व दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन पिनांगच्या बंदरातील मजुरांना तो विकणाऱ्या तमिळ मुसलमान फेरीवाल्यांनी हे नाव मागे ठेवले. कावड गेली, नाव राहिले. यादीत ते केवळ पदार्थाचे नाव म्हणून येते, आणि ज्याच्या खांद्यावर ती दांडी होती तो वाचणाऱ्याच्या नजरेसमोरून निघून जातो.

तो कसा निघून जातो याचे अर्वाचीन उदाहरण पिनांगमध्येच आहे. तेथील राज्यसरकारने परदेशी कामगारांनी फेरीवाल्यांच्या ठेल्यांवर स्थानिक पदार्थ शिजवू नयेत असा निर्बंध २०१४ मध्ये जाहीर केला व २०१६ च्या आरंभापासून तो अमलात आणला. चव अस्सल राहावी हा त्यामागील घोषित हेतू. परंतु ज्या पदार्थांचे अस्सलपण जपावयाचे, ते बहुतेक सारे एके काळच्या परदेशी मजुरांनीच आणलेले व घडविलेले आहेत. कालचा स्थलांतरित हा वारसा आणि आजचा स्थलांतरित हा धोका, अशी ही रेषा कोठे तरी काळाच्या मध्येच आखली गेली आहे. भाषेतही नेमके हेच झाले : ‘गुला’ आत, ‘पेंग’ बाहेर. शब्दाला दंड करण्याची कल्पना आणि हाताला चुलीपासून दूर ठेवण्याचा नियम, ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत. मात्र पहिली बहुतांशी कागदावर राहते. दुसरीने एखाद्याची रोजी जाते. या विषयात विनोदाला मर्यादा आहे, ती येथे.

७

या नगरजीवनाचे अधिक सूक्ष्म वाचन एका व्यंगचित्रकाराने केलेले आहे, आणि त्याची दखल घेतल्यावाचून हा लेख अपुरा राहील. लात या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले मोहम्मद नूर खालिद यांचा जन्म १९५१ चा, पेराक राज्यातला. ‘लात’ हे मलय ‘बुलात’, म्हणजे गोल, या शब्दाचे अर्धे रूप. त्यांच्या ‘कांपुंग बॉय’ (१९७९) मध्ये खेड्यातले बालपण येते व ‘टाउन बॉय’ (१९८१) मध्ये तोच मुलगा, मात, इपोह शहरात वाढतो. शहरातला त्याचा जिवलग मित्र फ्रँकी हा चिनी मुलगा. त्याच्या आईवडिलांचे कॉफीचे दुकान आहे. दोघांना जोडणारा धागा रॉक अँड रोल संगीताच्या तबकड्यांचा.

येथे लात यांचा विवेक पाहण्यासारखा आहे. कॉफीच्या दुकानात वाढलेला मित्र मिळाल्यावर एखाद्या दुय्यम लेखकाने दोन मुलांना एका ताटाशी बसवून राष्ट्रीय ऐक्याचा देखावा मांडला असता. लात तसे करीत नाहीत. दुकान हे त्यांच्या कथेत दुकानच राहते : एका कुटुंबाच्या कष्टाची व राहण्याची जागा. मैत्री ताटावर जमत नाही. ती त्या दोघांपैकी कोणाच्याच घरच्या नसलेल्या, दूरच्या संगीतावर जमते. आणि शेवटी फ्रँकी शिक्षणासाठी इंग्लंडला निघतो, मात मागे राहतो. ज्या समाजात दोन मुलांच्या वाटा शाळा संपताच फुटू शकतात, त्याचे सत्य कोणत्याही मिश्रणाच्या प्रतीकापेक्षा त्या रेल्वे स्थानकावरच्या निरोपात अधिक आहे. लात यांनी भेद लपविला नाही व त्याची तक्रारही केली नाही. त्यांनी तो नेमका कोठे आहे हे दाखविले. समीक्षकाने रूपकाकडून जी अपेक्षा करावी आणि जी ‘रोजाक’ने पुरी होत नाही, ती हीच.

८

आमच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. चहा मागण्याची भाषा ही अत्यंत मर्यादित प्रयोजनाची भाषा. तिच्यावरून राष्ट्राच्या भाषाजीवनाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे नाही काय? आक्षेप रास्त आहे. ‘तेह ओ कोसोंग पेंग’ म्हणता आल्याने कोणी शेजाऱ्याचे दुःख समजू शकत नाही, आणि मामाक दुकानात शेजारच्या मेजांवर बसणारे लोक एकमेकांच्या घरी जातातच असे नाही. तेव्हा या भाषेतून ऐक्य सिद्ध होते असा आमचा दावाच नाही. तिच्यातून एवढेच सिद्ध होते की परस्परांना परके असलेल्या लोकांनी, कोणत्याही समितीच्या मदतीवाचून, आपसातील व्यवहारापुरती एक काटेकोर रचना निर्माण केली; तिचा कणा मलय ठेवला, तिच्या जागा सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, आणि भेद पुसून न टाकता ते ऐकू येतील असे राखले. ही मर्यादित सिद्धी आहे, पण ती सिद्धी आहे.

म्हणून ‘रोजाक’ या रूपकाविषयी आमचा निर्णय असा : स्तुतीत वापरले तेव्हा ते सीमा झाकते, निंदेत वापरले तेव्हा नियम झाकते. नगराच्या अभ्यासासाठी दुसरे रूपक हवेच असेल तर ते पदार्थाचे न घेता मागणीचे घ्यावे. पदार्थ पुढ्यात येतो तेव्हा सर्व काही होऊन गेलेले असते. मागणीत बोलणारा, ऐकणारा, शब्द व त्याची जागा ही चारही जिवंत असतात. आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना मराठी शहरांतील मिश्रभाषेवर काम करावयाचे आहे, त्यांनी ‘खिचडी’ हा शब्द टिपणवहीत उतरविण्यापूर्वी प्रथम शब्दक्रम तपासावा. कोणाचे शब्द किती, हे मोजणे सोपे आहे. कोणाच्या व्याकरणाने ते उभे आहेत, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर हॉटेलाच्या गल्ल्याशी उभे राहून ऐकल्याखेरीज मिळावयाचे नाही.